तीस तारखेचं शीट

शर्मिला आवटींनी लिहिलेल्या एका छोट्याशा प्रोग्रॅममुळे ड्रॉइंगं काढायच्या एकवीस दिवस आधीच छापून येऊ लागली, आणि त्यावर पहिली हरकत आवक-जावक टेबलाने घेतली, कारण जावक तारीख आवक तारखेच्या आधी पडत होती. हरकत रास्त होती. ती फायलीला लावली गेली आणि काम पुढे चालू राहिलं.

वारणातीर दारे निर्मिती सहकारी संस्था पाटांवरची आणि बंधाऱ्यांवरची लोखंडी दारं बनवते. खाली शेड आणि वर ड्रॉइंग ऑफिस. त्या ऑफिसात खिडकीजवळच्या टेबलावर शर्मिलाबाई एकोणीस वर्षं बसत होत्या. कुठलं दार किती रुंद, किती जाड, त्याची चाकं कुठे आणि बोल्टांची भोकं कुठे, हे सगळं त्यांच्या हातून कागदावर उतरायचं आणि मगच खाली लोखंड कापलं जायचं. त्यांना जगात काही क्रांती वगैरे करायची नव्हती. त्यांना घरी जायची पाच चाळीसची आरगची गाडी पकडायची होती.

ती गाडी रोज चुकत होती ती प्लॉटरपायी. प्लॉटर म्हणजे मोठ्या कागदावर ड्रॉइंग छापणारं यंत्र, आणि हे यंत्र स्वभावाने चौकस होतं. कागद कुठला, रेघ किती जाड, आडवं की उभं, अशा अकरा प्रश्नांची उत्तरं प्रत्येक शीटमागे दिल्याशिवाय ते जागचं हलायचं नाही. दिवसाला पंचवीस शीटं असली की बाईंची संध्याकाळ त्याच्याशी प्रश्नोत्तरं करण्यात जायची. मग पुढची गाडी सव्वासातची, आणि तिला बसायला जागा मिळाली असं कधी घडलेलं नाही.

दसरा झाल्यावर बाईंनी मनावर घेतलं आणि अकरा प्रश्नांची उत्तरं परस्पर देणारा बावन्न ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. पहिल्याच दिवशी अर्धा तास वाचला, पण गाडी चारच मिनिटांनी चुकली. चार मिनिटांनी चुकलेली गाडी तासाने चुकलेल्या गाडीपेक्षा जास्त झोंबते. त्यांनी प्रोग्रॅम पुन्हा उघडला. त्यात जागोजागी 'थांब' अशी आज्ञा होती. फाइल उघडेपर्यंत थांब, कागद सरकेपर्यंत थांब, शाई वाळेपर्यंत थांब. बाईंनी एकेक थांबा काढून पाहिला. काही बिघडलं नाही. शेवटचा एकच राहिला होता: ड्रॉइंग पूर्ण होईपर्यंत थांब. त्यांनी तोही काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लॉटरमधून जे पहिलं शीट आलं, ते ड्रॉइंग त्यांनी अजून सुरूही केलेलं नव्हतं. तारीख चार दिवसांनंतरची होती. आठवड्याभरात हे अंतर वाढत वाढत एकवीस दिवसांवर गेलं आणि तिथे ठरलं.

बाई शीट घेऊन मुख्य संकल्पक इनामदारसाहेबांकडे गेल्या.

"साहेब, हे मी काढलेलं नाही."

"नाव तुमचंच आहे की."

"नाव माझं आहे. पण हे मी एकवीस दिवसांनी काढणार आहे."

इनामदारांनी शीट उजेडात धरून पाहिलं. "छपाई स्वच्छ आहे. वेग किती टक्के वाढला म्हणायचा?"

"साहेब, हे आधीच येतंय."

"ते कळलं. टक्के किती?"

बाईंना हिशेब मांडता येईना. इनामदारांनाही येईना. त्यांनी मासिक अहवालात 'लक्षणीय' असं लिहिलं आणि अहवाल संचालक मंडळाकडे गेला. आठवड्याने बाई पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, काढलेला थांबा परत घालून बघू का. इनामदार म्हणाले, "अहवालात गेलेला वेग परत घेता येत नाही, मॅडम." त्यावर विषय संपला.

कामाची पद्धत मात्र बदलावी लागली. शेड काही कोणासाठी थांबत नाही. हातात शीट आलं की फोरमन सर्जेराव खोत लोखंड कापायला घेणार. त्यामुळे दार आधी तयार होई आणि ड्रॉइंग मागाहून काढलं जाई. छापील प्रत आणि ड्रॉइंग यांत तफावत राहू नये, असा नियम लगेच झाला. बाई समोर प्रत टाचून तिच्याबरहुकूम रेघ न् रेघ काढत. हे खरं तर सोपं होतं. प्रत बघून ड्रॉइंग काढायचं, तर मग ते पहिल्यांदा कोणी ठरवलं, हा प्रश्न त्यांना कधीकधी जेवणाच्या सुट्टीत पडायचा. भाकरी संपेपर्यंत तो सुटायचा नाही, आणि मग हात धुवावे लागायचे. पाच चाळीसची गाडी मात्र रोज मिळत होती, खिडकीशी जागा मिळून.

नव्या पद्धतीने थोडी पंचाईत झाली ती चुकीची. ड्रॉइंग तपासण्याचं काम हसन मुल्लांकडे होतं. त्यांना सगळे चाचा म्हणत. एकतीस वर्षं ते लाल पेन्सिल घेऊन शीटं तपासत होते, आणि शीटात चूक सापडली नाही तर ते ती सापडेपर्यंत शोधत. एकदा एका निर्दोष शीटापायी त्यांनी तीन दिवस शेड बंद ठेवायला लावली होती. तेव्हापासून ड्रॉइंग ऑफिसात चाल पडली की प्रत्येक शीटात चाचांसाठी एक चूक ठेवायची. लहानशी, निरुपद्रवी, सहसा डावीकडे खाली: कुठे मापाचा बाण काढायचा नाही, कुठे बोल्टाचं भोक मोजायचं नाही. चाचा ती शोधत, लाल गोल करत, बाई दुरुस्त करत, आणि दोघांचाही दिवस बरा जाई. चाचांना हे ठाऊक होतं का, हे कोणी विचारलेलं नव्हतं. आता चूकही आधी छापून येऊ लागली. पूर्वी ती सुचावी लागे, आता ती नीट बघून जशीच्या तशी उतरवावी लागे. चूक करताना चूक होऊ नये म्हणून बाई जरा जास्तच जपत.

नऊ नोव्हेंबरला प्लॉटरमधून तीस तारखेचं शीट आलं. एकच होतं, एका पाटाच्या दाराचं. त्याच्या उजव्या कोपऱ्यात नेहमीची चौकट होती, आणि तिच्यात 'रेखाटले' या शब्दापुढची जागा कोरी होती.

हे नाव प्रोग्रॅम घालत नसे. ज्याने ड्रॉइंग काढलं त्याने सगळं झाल्यावर, सगळ्यात शेवटी ते स्वतः घालायचं, अशी तिथली रीत होती. एकोणीस वर्षांत बाई ते कधी विसरल्या नव्हत्या. त्या कोऱ्या जागेवरून त्यांनी दोनदा बोट फिरवलं.

दुपारपर्यंत शीट आस्थापना विभागाच्या हेरवाड्यांच्या टेबलावर होतं. हेरवाडे मनाने चांगले होते, पण कागदाच्या बाहेरचं त्यांना फारसं दिसत नसे.

"तीस तारखेपासून तुम्ही इथे नाही, असं यावरून दिसतं," ते म्हणाले. "कारण काय लिहू? राजीनामा, बदली, स्वेच्छानिवृत्ती, निधन. चार रकाने आहेत."

"मला काहीच माहीत नाही, हेरवाडे. मी कुठेच जाणार नाहीये."

"घाई नाही. तीसच्या आत सांगा म्हणजे झालं."

बाई इनामदारांकडे धावल्या. "साहेब, मी तीस तारखेला काढताना नाव घातलं तर?"

"मग ड्रॉइंग प्रतीशी जुळणार नाही."

"मग प्रत चुकीची ठरेल."

"प्रत शेडमध्ये गेली, मॅडम. खोतांनी पत्रा कापायला घेतला. आता चुकीची कशी ठरवायची?" इनामदारांनी चष्मा काढून डोळे चोळले. तेही गोंधळले होते, पण साहेब असल्यामुळे त्यांना तसं म्हणता येत नव्हतं. "एक करतो. या प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत पुढची छपाई बंद ठेवतो."

त्याप्रमाणे प्लॉटरवर चादर घालण्यात आली. त्यामुळे तीस तारखेनंतर बाईंचं नाव छापून येतं की नाही, हे बघायचीही सोय राहिली नाही. तीसपर्यंतची शीटं मात्र हातात होती, आणि बाई ती रोज एकेक करून काढत होत्या. प्रत्येक शीटाच्या शेवटी आपलं नाव घालताना त्यांना वाटायचं, हे अजून आहे.

घरी त्यांनी श्रेणिकरावांना सांगितलं. श्रेणिकरावांनी बायकोचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे तीस तारखेला तू कुठं असणार?"

"तेच तर कळंना झालंय."

"मग डबा करायचा का न्हाई?"

चार रकान्यांतल्या शेवटच्या रकान्याचं त्यांनी घरी सांगितलं नव्हतं. पण त्या आठवड्यात त्यांनी रस्ता ओलांडताना दोन्ही बाजूंना तीन-तीनदा बघितलं, आणि कपाटाच्या किल्ल्या कुठे असतात ते नवऱ्याला दाखवून ठेवलं. त्यांना भीती वाटत होती. तिच्याहून जास्त वाईट याचं वाटत होतं की एकोणीस वर्षांनी आपण जाणार, आणि का ते आपल्यालाच सगळ्यांत शेवटी कळणार.

चाचांचंही त्या शीटावरून काहीतरी बिनसलं होतं. त्यांनी त्याची एक प्रत आपल्या खणात ठेवली होती आणि रोज जेवण झालं की ते ती काढून बसत. एकदा बाई जवळून जात होत्या, तर मान वर न करता म्हणाले, "बाई, यात चूक नाही."

"बरं आहे की, चाचा."

"काय बरं आहे?" चाचा म्हणाले. "दोन आठवडे झाले बघतोय. मापं बघितली, बाण बघितले, भोकं मोजली. काहीच नाही."

"मी अजून काढलं नाहीये ते."

"मग काढाल तेव्हा तरी बघा," असं म्हणून त्यांनी शीट परत खणात टाकलं. ते रागावले होते की दुखावले होते, ते बाईंना समजेना.

सत्तावीस तारखेला हेरवाड्यांनी आदेश काढला. कारणाच्या रकान्यात त्यांनी 'शीटावरून' असं लिहिलं होतं. श्रीमती आवटी यांना एकोणतीस तारखेच्या सायंकाळी कार्यमुक्त करण्यात येत आहे. तीस तारखेचं ड्रॉइंग संस्थेच्या कुठल्याही कर्मचाऱ्याने काढल्याची नोंद नसल्यामुळे ते कुठल्याही कर्मचाऱ्याने काढू नये. खिडकीजवळची खुर्ची रिकामी ठेवावी व संगणक चालू ठेवावा. निरोप समारंभाची वेळ मागाहून कळवण्यात येईल. शाल आणि श्रीफळ आणून कपाटात ठेवण्यात आलं.

तीस तारखेला बाई पाहुण्यांसाठीच्या बाकावर बसायला आल्या. घरी बसवेना, हे खरं कारण. टेबलाच्या खणाची किल्ली परत द्यायची आहे, असं त्यांनी सांगितलं. त्यांची खुर्ची रिकामी होती. संगणक चालू होता आणि त्याच्या पडद्यावर काही नव्हतं. चाचा टोकदार केलेली पेन्सिल घेऊन आपल्या टेबलाशी बसले होते. इनामदार दर तासाने येऊन पडद्यात डोकावत आणि परत जात. दोन वाजले, अडीच वाजले. कोणीही काहीही काढलं नाही.

तीन वाजता खालून फोन आला. खोतांचा आवाज नेहमीसारखा मोठा होता, त्यामुळे तो सगळ्यांना ऐकू आला.

"साहेब, दार क्रेनला लावलंय, पर वजन लागंना."

"म्हणजे?"

"काटा शून्यावर हाय. सव्वादोन टनाचं दार हाय, साहेब. मी सोता वेल्डिंग केलंय."

"तुम्ही ते खाली ठेवा," इनामदार म्हणाले. "ड्रॉइंग अजून निघालेलं नाही."

"आवो, उद्या सकाळी ट्रक येतोय. परवा पाटाला पाणी सोडणार हायत."

चार वाजता पुन्हा फोन आला. दारातून पलीकडची भिंत दिसू लागली होती. खोत म्हणाले, अंधुक दिसतीय, पण कॅलेंडर वाचता येतंय. इनामदारांनी फोन ठेवला आणि हेरवाड्यांना बोलावून आदेश पुन्हा वाचायला लावला. हेरवाड्यांनी तो दोनदा वाचला. त्यात काहीच चूक नव्हती.

"साहेब," चाचा आपल्या जागेवरून म्हणाले, "मला तपासायला शीट कधी मिळणार? मी पाचला उठणार आहे."

"उद्या तपासा, चाचा."

"उद्या मी नाही."

इनामदारांनी हेरवाड्यांकडे पाहिलं. हेरवाड्यांनी कपाट उघडलं, सेवापुस्तकांचा गठ्ठा खाली घेतला, वरची धूळ फुंकली आणि एक पुस्तक उघडलं. महिनाभर ते फक्त शीटं वाचत होते. पुस्तकात सरळ लिहिलेलं होतं की हसन मुल्ला वयाची अठ्ठावन्न वर्षं पूर्ण करून तीस नोव्हेंबरला निवृत्त होत आहेत.

"हे कोणाच्याच लक्षात नव्हतं," हेरवाडे म्हणाले.

"माझ्या होतं," चाचा म्हणाले. मग ते बाकाकडे वळले. "बाई, एकवीस दिवस बघितलं मी ते शीट. शेवटचं आहे, म्हटलं बाई काहीतरी चांगलं ठेवतील. तुम्ही काहीच ठेवलं नाहीत. असंच निघालात?"

म्हणजे चाचांना ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून. बाईंना एकदम रडू आल्यासारखं झालं आणि त्याच क्षणी त्या शीटाचा उजवा कोपरा त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. त्या उठल्या.

"हेरवाडे, आदेशात कर्मचाऱ्याने काढू नये असं आहे ना?"

"हो."

"मी काल संध्याकाळपासून कर्मचारी नाही."

हेरवाड्यांनी आदेश तिसऱ्यांदा वाचला. "नाही," ते म्हणाले. "तुम्हाला मनाई करणारं यात काही दिसत नाही."

बाई आपल्या खुर्चीत बसल्या. प्रत टाचायची त्यांना गरज पडली नाही. तीन आठवड्यांत ती पाठ झाली होती. पहिली आडवी रेघ काढून झाली तसा खोतांचा फोन आला, की भिंत दिसायची थांबली. बाईंनी चाकं काढली, कड्या काढल्या, भोकं मोजून काढली, सगळे बाण जिथल्या तिथे घातले. डावीकडे खाली काहीही सोडलं नाही. शेवटी कोपऱ्यातली चौकट आली. सवयीने बोटं नावाकडे गेली. त्यांनी ती उचलली आणि हात मांडीवर ठेवले.

"चाचा, झालं."

पाचला दहा मिनिटं होती. चाचांनी खणातलं शीट आणलं, पडद्याशेजारी धरलं आणि डाव्या कोपऱ्यापासून तपासायला घेतलं. ते नेहमीच्याच वेगाने तपासत होते. सगळे उभे होते. मापं झाली, बाण झाले, भोकं झाली. उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीपाशी त्यांची पेन्सिल थांबली. त्यांनी कोऱ्या जागेकडे पाहिलं, मग समोर बसलेल्या बाईंकडे पाहिलं, मग पुन्हा जागेकडे.

"नाव राहिलं," ते म्हणाले.

"राहिलं का?" बाई म्हणाल्या. "लक्षात नाही आलं."

चाचांनी त्या कोऱ्या जागेभोवती लाल गोल केला. एकतीस वर्षांतला इतका नीट गोल त्यांनी क्वचितच काढला असेल. त्यांचा चेहरा उजळला होता. "एवढी मोठी चूक," ते म्हणाले, "आणि मी रोज बघत होतो."

दुरुस्ती म्हणून बाईंनी त्या गोलात पेनाने आपलं नाव लिहिलं. इनामदारांनी खाली सही केली. खोतांनी फोन करून सांगितलं की वजन आलं, सव्वादोन टन पुरं. हेरवाड्यांना मात्र चैन पडेना. आदेश शीटावरून निघाला होता आणि शीट दुरुस्त झालं होतं, तेव्हा आदेशही दुरुस्त झाला असं मानावं लागेल, असं त्यांनी दोन मिनिटं विचार करून सांगितलं. शाल एकच आणलेली होती. ती चाचांना घातली. चाचा पेन्सिल खिशात टाकून घरी गेले, आणि बाईंची पाच चाळीसची गाडी त्या दिवशी चुकली. सव्वासातच्या गाडीत त्या उभ्याने गेल्या आणि उतरल्यावर श्रेणिकरावांना म्हणाल्या, उद्या डबा लागेल.

एक डिसेंबरला प्लॉटरवरची चादर काढण्यात आली. पहिलं शीट बावीस तारखेचं आलं. चौकटीत बाईंचं नाव होतं. डावीकडे खाली एका मापाला बाण नव्हता, आणि तिथे लाल गोल होता.

प्लॉटरमध्ये काळ्याखेरीज दुसरी शाई नव्हती. बाईंनी गोलावर अंगठा फिरवला, तर अंगठ्याला लाल लागलं. त्या उठून चाचांच्या टेबलापाशी गेल्या. खण रिकामा होता. इनामदार आले, त्यांनी शीट उजेडात धरून पाहिलं आणि सही केली. दुपारी हेरवाड्यांनी संचालक मंडळाला कळवलं की शीटावरून पाहता तपासनिसाचं पद रिक्त नसल्याने भरतीची आवश्यकता नाही.

बाईंनी आपली कामाच्या नोंदींची वही उघडली आणि बावीस तारखेपुढे लिहिलं: डावीकडे खाली, बाण काढायचा नाही.